अंगावर काय होतं?

मावशी गेल्यावर तिचं कपाट आवरायला ताईनं, म्हणजे तिच्या मुलीनं, मला मिरजेला बोलावून घेतलं. एकटीला ते उघडवत नव्हतं. वरच्या कप्प्यात लुगडी, मधल्यात पासबुकं आणि औषधांच्या पावत्या, आणि सगळ्यात खाली, डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेल्या एका पिशवीत चौघडी घातलेला पाठकोरा कागद. पुढच्या बाजूला जिल्हा परिषदेचा कुठलासा छापील तक्ता, मागे काकांचं, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचं, अक्षर.

वय १६. उंची पाच फूट तीन इंच. रंग गव्हाळ, त्यावर काट मारून, सावळा. बांधा सडपातळ. चेहरा उभट. डाव्या भुवईवर जखमेची जुनी खूण. ‘स्वभावाने शांत’ असं लिहून तेही खोडलं होतं. छोट्या जाहिरातीचे पैसे तेव्हा शब्दांवर मोजत. पण ते दोन शब्द पैशांपायी गेले की लिहिल्यावर खोटे वाटले म्हणून, हे आता कोण सांगणार? शेवटच्या ओळीत ‘शर्ट’च्या आधीचा शब्द इतका गिरवून खोडलेला, की कागद तिथे विरला होता. त्याच्यावर लिहिलं होतं: निळा.

हा कागद चार-पाच महिने आधी हाती लागला असता, तर मी हळहळून परत पिशवीत ठेवला असता. पण मधल्या काळात मी एक कादंबरी वाचली होती.

स्टुअर्ट ओनॅन या अमेरिकी लेखकाची ‘साँग्ज फॉर द मिसिंग’, २००८ सालची. गोष्ट ओहायो राज्यातल्या किंग्जव्हिल गावची. ईशान्य कोपऱ्यातलं, एरी सरोवराजवळचं, महामार्गाच्या फाट्यावर ओळखायचं असं हे गाव. २००५चा उन्हाळा. किम लार्सन अठरा वर्षांची, शाळा संपलेली, शरद ऋतूत कॉलेजला जाणार. दुपारी मित्रमैत्रिणींबरोबर पोहून येते, संध्याकाळी पेट्रोल पंपावरच्या नोकरीला म्हणून आपल्या जुन्या शेव्हेट गाडीतून निघते आणि तिथे पोचत नाही. कथानक म्हणाल तर एवढंच. पुढची शेकडो पानं ती नसताना घरानं काय केलं याची आहेत.

अशा विषयावर इंग्रजीत पोत्यानं पुस्तकं निघतात, आणि बहुतेकांना घाई असते ती कुणी केलं हे सांगायची. ओनॅनला ती घाई नाही. गुन्हा, तपास, आरोपी हे सगळं तो कडेला सारतो, इतकं की रहस्यकथेच्या सवयीच्या वाचकाला फसवल्यासारखं वाटेल. पहिल्या प्रकरणाला त्यानं नाव दिलंय ते चक्क पोलिसांच्या अर्जातल्या रकान्याचं: शेवटची दिसली तेव्हाचं व्यक्तीचं वर्णन. त्या रकान्यात आपण अर्थातच उंची, वजन, केसांचा रंग शोधायला जातो. मिळतो तो एका मुलीचा अख्खा उन्हाळा. तिला कुठून सुटायचं होतं, कशाचा कंटाळा होता, कुणापासून काय लपवत होती. म्हणजे जे अर्जात कधीच मावत नाही, ते.

मी तिथेच अडकलो. कारण अर्जातलं वर्णन देताना काय होतं, हे आमच्या घराला ठाऊक होतं.

१९८६चा जून. दहावीचा निकाल लागला. दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, गणितात आणि इंग्रजीत गेला. काका जिल्हा परिषदेत कारकून, रोज मिरज-सांगली करणारे. रात्री जेवणाच्या वेळी घरात बोलणं झालं. काय झालं ते ताईनं मला तीन वेगवेगळ्या वेळी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलंय. तिन्हींत ताट सरकवल्याचा आवाज मात्र आहे. पहाटे मावशी दुधाला उठली तर अंथरूण रिकामं. नदीवर गेला असेल, देवळात असेल, मित्राकडे असेल. दुपारपर्यंत कृष्णेचा घाट बघून झाला, सतारमेकरांच्या गल्लीतल्या भोपळ्यांच्या ढिगामागेही बघून झालं. संध्याकाळी दोघं ठाण्यावर गेले. ‘परीक्षेत गेलेली पोरं दोन दिवसांत येतात, वाट बघा,’ असं ऐकून दोन दिवस थांबले आणि पुन्हा गेले. (बेपत्ता मुलाची तक्रार आली की थेट गुन्हा नोंदवायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं बजावलं ते २०१३ साली. आमच्या दादाला तोवर मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या.)

हवालदारानं वही ओढली आणि विचारलं, ‘अंगावर काय होतं?’

सोळा वर्षं जेवायला वाढलेल्या, ताप आला की कपाळावर पट्ट्या ठेवलेल्या बाईला त्या क्षणी आठवेना. नंतर ती म्हणायची, डोळ्यांपुढे तो येत होता पण उघडाच, लहानपणी न्हाऊन आलेला. हवालदार पेन उघडं धरून थांबलेला. मग ती म्हणाली, ‘निळा शर्ट. खाकी पँट.’ काका शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत.

ओनॅन मुळात इंजिनिअर. विमानविद्येचं शिक्षण घेऊन त्यानं ग्रमन कंपनीत चाचणी विभागात नोकरी केली आणि मग लेखनाकडे वळला. या कादंबरीत तो इंजिनिअर मला सारखा दिसत राहिला. एका साध्या घरावर वजन ठेवत जायचं, आणि कुठला सांधा कधी कुरकुरतो याची नोंद करायची, त्याच शांतपणानं. किमची आई फ्रॅन इस्पितळात काम करणारी. ती सगळं अंगावर घेते: फोन, पत्रकं, स्वयंसेवकांच्या याद्या, टीव्हीवाले. कॅमेऱ्यापुढे कसं बोलायचं तेसुद्धा शिकते. आईनं जास्त रडून चालत नाही, अजिबात न रडून तर मुळीच चालत नाही. बाप एड घरं विकणारा दलाल, धंदा आधीच बसलेला. त्याला बोलणं जमत नाही. त्याला चालायला हवं, झुडपं विंचरायला हवीत. पुढे गाडी सापडते ती सँडस्कीला, सरोवराच्याच काठानं पश्चिमेला, क्लीव्हलंडच्याही पलीकडे. तेव्हा हा माणूस त्या परक्या गावात जाऊन खांबाखांबावर मुलीचा चेहरा चिकटवत फिरतो. तिचा शोध लागेल असं त्याला वाटत असेल-नसेल. हाताला काम आहे, एवढंच त्याला कळतं.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. मला आमच्या पुण्याच्या घराची गॅलरी दिसली.

मिरजेला तेव्हा तिन्ही रूळ होते. मोठा रूळ पुण्या-मुंबईला, मधला मीटरगेज बेळगाव-हुबळीकडे, आणि बार्शी लाइटचा चिंचोळा रूळ पंढरपूर-लातूरच्या बाजूला. पळून जाणाऱ्याला सोयीचं आणि शोधणाऱ्याला क्रूर असं ते स्टेशन. काका तिथे उभे राहिले आणि त्यांनी मोठा रूळ धरला. पोरं पळतात ती मुंबईला, हे सगळ्या महाराष्ट्राला सिनेमामुळे माहीत होतं. शनिवारी रात्रीच्या गाडीनं ते आमच्याकडे येत, रविवारभर पुणे स्टेशन, स्वारगेट, मंडईमागच्या खानावळी पालथ्या घालत. कधी रजा टाकून मुंबईला जात, दादर, व्ही.टी. करून परत येत. खिशात दादाच्या फोटोंची चळत. फोटो शाळेच्या गटछायाचित्रातून कापून मोठा केलेला, त्यामुळे त्याच्या खांद्यावर कुणा दुसऱ्याच मुलाचा हात तसाच राहून गेला होता. रात्री ते पाय धुऊन गॅलरीत सतरंजी टाकून पडत. झोपले की इतके निःशब्द, की श्वासाचासुद्धा आवाज नसे. आई एकदा मध्यरात्री दोन वेळा उठून त्यांच्या नाकाशी बोटं धरून आली होती.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, आणि आता जे लिहितोय ते लिहायला मला बरीच वर्षं लागली: मला मजा येत होती. ‘आपण यांना पाहिलंत का?’मध्ये दादाचा फोटो दाखवणार असं कळलं, तेव्हा मी खालच्या मजल्यावरच्या पोरांनाही बोलावून आणलं. आमचा टीव्ही कृष्णधवल. आधी कुणी एक वृद्ध गृहस्थ, मग एक बाई, मग दादा, खांद्यावर तो परका हात. निवेदिकेचा आवाज सपाट आणि स्वच्छ: रंग सावळा, बांधा सडपातळ, अंगात निळा शर्ट व खाकी पँट. पडद्यावरचा त्याचा शर्ट करडा होता. मला वाटलं, लोक फसतील. आणि मग सात-आठ सेकंदांत तो गेलाही, त्याच्या जागी दुसरं कुणी आलं. खालच्या मजल्यावरचा एकजण म्हणाला, ‘संपलं?’

लिंडसे ही किमची धाकटी बहीण, पंधरा वर्षांची. माझ्या मते कादंबरीतलं सर्वांत खरं माणूस हेच. बहीण हरवल्याचं दुःख तिला आहेच. पण आता आपण घरातली उरलेली मुलगी झालो, हेही तिला कळतं. आईबापांची नजर तिच्यावर एकदम दुप्पट जड होते आणि त्याच वेळी तिच्या आरपार जाते. एकटं बाहेर जायचं नाही, फोन करायचा, वेळेत यायचं. पण तू कशी आहेस, हे विचारायला कुणाला सवड नाही. आमच्या ताईचंही असंच. त्या वर्षी ती नववीत होती. सहामाहीत वर्गात पहिली आली. प्रगतिपुस्तकावर काकांनी सही केली ती मजकूर न वाचता. तिनं ते पुस्तक अजून ठेवलंय. कपाट आवरताना म्हणाली, ‘दादा गेला त्या वर्षी मीपण गेलेच होते की. फक्त घरातच होते.’ आणि हसली.

कादंबरीचा आणखी एक धागा मला तेव्हा नुसता कथानकाचा वाटला होता. किमचे मित्रमैत्रिणी, तिचा प्रियकर जे.पी. आणि मैत्रीण नीना यांना तिच्याबद्दल काही ठाऊक आहे. भलत्याच माणसाशी तिची जवळीक आहे, आणि त्यात अमली पदार्थांचा व्यवहारही आहे. सगळं गाव रानात काठ्या आपटत शोधतंय, ही पोरंही त्या रांगेत आहेत, पत्रकं वाटताहेत. आणि तोंड मिटून आहेत. वाईट म्हणून नव्हे. बोललं तर तिचं वर्णन बदलेल, आणि आपलंही. सांगायला एक दिवस उशीर झाला, की दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी सांगाव्या लागतात: ती गोष्ट, आणि काल का नाही सांगितली ते. तिसऱ्या दिवशी तीन. अठरा पूर्ण झालेली मुलगी आपल्या मर्जीनं गेली असेल असं धरायला पोलीस तयारच असतात. अशा वेळी एकेक तास मोलाचा, हे न कळण्याइतकी ही पोरं लहान नव्हती. तरी गप्प राहिली. वाचताना मला त्यांचा राग आला होता.

दादाला जाऊन आठवडा झाला असेल, परीट इस्त्रीचे कपडे घेऊन आला. गठ्ठ्यात निळा शर्ट होता.

मावशी तो मांडीवर घेऊन बसून राहिली, असं ताई सांगते. मग उठून तिनं दादाचे सगळे कपडे काढून मोजले. ट्रंकेतले, दोरीवरचे, खुंटीवरचे. एक खाकी पँट कमी भरली. शर्ट एकही कमी नव्हता. सगळे शर्ट घरात, मग पोरगा गेला कशात? ती दिवसभर हेच म्हणत राहिली. वर्तमानपत्रात दुरुस्ती द्यावी असं शेजारचे मास्तर म्हणाले. मावशीनं नको म्हटलं. लोकांनी निळा वाचलाय, आता ते निळाच शोधणार, पुन्हा बदललं तर म्हणतील आईलाच ठाऊक नाही. त्यामुळे टीव्हीवरही निळाच गेला. पुढचे सहा महिने आमचं घर एका अशा मुलाच्या शोधात होतं, ज्याच्या अंगावरचा शर्ट कपाटात इस्त्री करून ठेवलेला होता.

पॉलिन बॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला, आणि अशा दुःखाला त्यांनी वेगळं नाव दिलं. मराठीत त्याला संदिग्ध वियोग म्हणता येईल. माणूस मेलेला नाही म्हणून सुतक नाही, आणि समोर नाही म्हणून सुटकाही नाही. आपल्याकडे मात्र मुदती घालून दिलेल्या आहेत. १८७२च्या पुराव्याच्या कायद्यानं सात वर्षं ठरवली: ज्यांना माणसाची वार्ता लागायला हवी त्यांनाच सात वर्षं वार्ता नाही, तर तो हयात आहे हे म्हणणाऱ्यानं सिद्ध करावं. धर्मशास्त्र जास्त धीराचं. ते बारा वर्षं थांबतं, मग पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायला सांगतं. पालाशविधी. शास्त्रकारांना संसाराची केवढी माहिती होती बघा. तो माणूस नंतर परत आलाच तर काय, याचीही तरतूद आहे: त्याला तुपानं न्हाऊ घालायचं आणि जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे. परत येणारा हा आधीचा नसतोच, नव्यानं जन्मलेला असतो.

किमचं पुढे काय होतं ते मी सांगत नाही. ज्यांना वाचायची आहे त्यांनी वाचावी. दादाचं सांगतो. जानेवारीत पोस्टकार्ड आलं. मजकूर दीड ओळ, शिक्का हुबळीचा. मोठ्या रुळावर काका सात महिने झिजले, आणि हा मधल्या रुळानं गेला होता. एका उडुपी हॉटेलात कपबश्या विसळत होता, कानडी बोलायला लागला होता. काका जाऊन घेऊन आले. मावशीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. तुपाचं न्हाणं काही झालं नाही, पण शास्त्रकार चुकले नव्हते. तो मुलगा दुसराच होता. त्याला ‘रागावू नका’ असं सगळ्यांनी एकमेकांना सांगून ठेवलेलं, म्हणून त्याच्याशी कुणी धड बोलेना. तो रात्री पाणी प्यायला उठला तरी मावशी दारात उभी. ब्रेट अँथनी जॉन्स्टन या टेक्सासच्या लेखकाची २०१४ची एक कादंबरी अशीच आहे. चार वर्षांपूर्वी हरवलेला मुलगा जवळच्याच कॉर्पस ख्रिस्तीत सापडतो, घरी येतो, आणि खरी परीक्षा तिथून सुरू होते. त्या पुस्तकातले आईबापही असेच मुलाभोवती चवड्यांवर चालतात. मला मात्र ओनॅनची जास्त भिडली. जॉन्स्टनची वाक्यं थोडी नटलेली वाटली.

दादा का गेला, हे आमच्यात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. हुबळीत काय काय झालं ते विचारायचा धीर नव्हता. आणि काय घालून गेलास, हे विचारावं तर ते कारणाशिवाय क्षुल्लक वाटलं असतं. मावशीनंही विचारलं नसावं. आला तेव्हा अंगावर हॉटेलचा मळका पांढरा सदरा होता, तेवढा तिनं लगेच उतरवून घेतला आणि जाळला. निळा शर्ट दादानं पुन्हा घातला नाही. तो आखूड झाला होता.

कागद हातात घेऊन मी खिडकीशी गेलो. खोडलेल्या शब्दावर शाई घट्ट होती, पण उजेडापुढे धरल्यावर काकांच्या अक्षराची वळणं दिसायला लागली. आधी ‘च’चं पोट, मग ‘क’, मग शेवटचा काना. ताईला हाक मारली. तिनं चष्मा लावून बघितलं आणि सावकाश वाचलं: ‘चौकडीचा.’

दादा ओसरीवर बसला होता, तेराव्याच्या भांड्यांचा हिशेब लिहीत. आता इचलकरंजीत मागाचे सुटे भाग विकतो, नातवंडं आहेत. चहा दिल्यावर मी जमेल तितकं सहज विचारलं, ‘दादा, त्या पहाटे गेलास तेव्हा तुझ्या अंगावर काय होतं रे?’

तो लिहायचा थांबला. चाळीस वर्षांत कुणी विचारलेलं नसूनही, रोज कुणी विचारत असल्यासारखं त्यानं उत्तर दिलं. ‘बाबांचा शर्ट. चौकड्यांचा, बाजाराला जाताना घालायचे तो. माझे सगळे आतल्या ट्रंकेत होते, झाकण वाजलं असतं. दोरीवर हाताला लागला तो ओढला, दारातच घातला.’

‘आणि काका?’

‘तिथेच, दाराशेजारी. मी त्यांना ओलांडूनच गेलो.’ त्यानं बशीत चहा ओतला. ‘मी आधी जरा थांबलोसुद्धा, म्हटलं जागे असले तर... पण गाढ झोपले होते. मोठ्यानं घोरत होते.’

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी कागदाची होती तशी चौघडी घातली.